आधी मॉनिटरच्या मागचं स्टिकर वाचा

या वेळच्या टपालात ग्राफिक कार्डांचीच गर्दी आहे. सेलमध्ये मॉनिटर स्वस्त मिळाला, घरी आणून लावला आणि मग कळलं की जुनं कार्ड त्याला पुरत नाही, असा एकूण सूर दिसतो. पत्रं कापून छोटी केली आहेत. नावं मुद्दाम गाळली आहेत, कारण एका पत्रलेखकाने मॉनिटरची खरी किंमत अजून घरी सांगितलेली नाही.

प्रश्न : लातूरला औसा रोडला राहतो, खासगी शिकवणीत फिजिक्स शिकवतो. सेलमध्ये २७ इंची, २५६०×१४४०, १८० हर्ट्झचा मॉनिटर घेतला. संगणक जुना आहे : आय-फाईव्ह १०४००एफ, एच४१० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० कार्ड आणि कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). रात्री दहानंतर मित्रांसोबत व्हॅलोरंट आणि रविवारी रेड डेड रिडेम्प्शन २ किंवा सायबरपंक २०७७. नवा मॉनिटर लावल्यापासून हे दोन मोठे गेम रांगतात. दुकानदार आरटीएक्स ५०६० घ्या म्हणतो, भाचा आरएक्स ९०६० एक्सटी म्हणतो, यूट्यूबवाले ५०७० च्या खाली बोलतच नाहीत. चाळीस हजारांच्या आसपास जमवू शकतो. काय घेऊ?

सर, तुम्ही फिजिक्सवाले, तेव्हा आधी हिशेबच मांडतो. १९२०×१०८० च्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. तुमच्या नव्या पडद्यावर ३६ लाख ८६ हजार ४००. कार्ड तेच, काम पावणेदोन पटीहून जास्त. कार्ड बिघडलेलं नाही, त्याच्यावर ओझं वाढलंय. त्यात १६५० ला मेमरी फक्त ४ जीबी.

दुसरी बाजू हर्ट्झची, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याची. ६० हर्ट्झला एक चित्र काढायला कार्डाकडे १६.७ मिलिसेकंद असतात, १८० ला जेमतेम साडेपाच. पण १८० चा आकडा प्रत्येक गेममध्ये गाठलाच पाहिजे असं कुणी लिहून घेतलेलं नाही. व्हॅलोरंटमध्ये वेग लागतो, तिथे समोरचा कोपऱ्यातून डोकावतो आणि तुम्ही संपता. रेड डेडमध्ये घोड्यावर बसून डोंगर बघायचे असतात. तिथे ७०-८० एफपीएस (कार्डाने सेकंदाला काढलेली चित्रं) सुखाचे वाटतात. अट एकच, मॉनिटरच्या मेनूत ॲडाप्टिव्ह सिंक (काहींवर फ्रीसिंक लिहिलेलं असतं) चालू करा. मग कार्डाचं चित्र तयार होईपर्यंत पडदा थांबतो आणि चित्र मधून फाटत नाही. ‘फ्रीसिंक आहे म्हणजे एएमडीचंच कार्ड लागतं’ हे दुकानात अजून ऐकू येतं. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डंही असे मॉनिटर चालवतात. एनव्हिडियाच्या कार्डाला डिस्प्लेपोर्टची केबल वापरा, म्हणजे झालं.

आता पैसे मोजण्याआधी एक फुकटची परीक्षा घ्या. व्हॅलोरंटमध्ये एफपीएसचा आकडा दाखवायचा पर्याय चालू करा आणि सेटिंग न बदलता फक्त रिझोल्यूशन १२८०×७२० वर आणा. पडद्यावर चित्र ओबडधोबड दिसेल, दिसू द्या. तिकडे जो आकडा येतो ती तुमच्या प्रोसेसरची शेवटची मजल. कार्ड कितीही महागाचं लावा, त्या गेममध्ये त्याच्या वर जाणार नाही. तो आकडा १४४० ला मिळणाऱ्या आकड्याच्या जवळपासच असेल, तर व्हॅलोरंटपुरता नव्या कार्डाचा उपयोग शून्य. सायबरपंकमध्ये हेच करा. तिथे ७२० ला आकडा एकदम उडी मारेल. म्हणजे तिथे अडलंय ते कार्डापाशी. मला विचाराल तर तुम्ही कार्ड घेताय ते रविवारच्या गेमसाठी.

दुकानदाराने सांगितलेलं ५०६० वाईट कार्ड नाही. १०८० च्या पडद्यावर मी स्वतः ते सुचवलं असतं. पण तुमच्या मशीनमध्ये दोन अडचणी एकत्र येतात. पहिली, त्यात मेमरी ८ जीबी. १४४० ला नव्या गेमचे टेक्श्चर (भिंती, जमिनीवरची बारीक चित्रं) उंच ठेवले की ती भरते. दुसरी अडचण दुकानात सहसा कुणी सांगत नाही. तुमचा एच४१० बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० चा (कार्ड बसतं त्या जोडणीची जुनी पिढी) आहे आणि ५०६० ला आठच लेन (माल ने-आण करायच्या वाटा) जोडलेल्या असतात. कार्डाची मेमरी भरली की उरलेला माल रॅममधून आणावा लागतो, आणि तो या आठ लेनमधून, सेकंदाला साधारण ८ जीबीच्या वेगाने. मोटार पाच एचपीची आणि पाईप सव्वा इंची, असं होतं. सरासरी एफपीएस चांगला दिसतो, पण गावात शिरताना, गाडी वळवताना गेम मधेच ठेच लागल्यासारखा अडखळतो. यूट्यूबवरच्या चाचण्या नव्या बोर्डावर, ४.० किंवा ५.० च्या स्लॉटमध्ये घेतलेल्या असतात, त्यामुळे तिथे हे दिसत नाही.

भाच्याने सांगितलेल्या आरएक्स ९०६० एक्सटीला पूर्ण सोळा लेन आहेत, म्हणून जुन्या बोर्डावरही त्याला दुप्पट वाट मिळते. आणि ते १६ जीबीत मिळतं. माझा कौल भाच्याला. फक्त खोक्यावरचं ‘१६ जीबी’ बोट ठेवून वाचा, कारण याच नावाचं ८ जीबीचं कार्डही बाजारात आहे आणि बिलावर नुसतं ‘९०६० एक्सटी’ लिहिलं तर भांडायला जागा राहत नाही. जून २०२५ मध्ये हे कार्ड आलं तेव्हा १६ जीबीची अमेरिकेतली जाहीर किंमत ३४९ डॉलर होती. आपल्याकडे त्यावर आयातीचा खर्च, मधल्या लोकांचा वाटा आणि १८ टक्के जीएसटी चढतो, आणि भाव सारखे हलतात. म्हणून दोन दुकानांत आणि एका वेबसाइटवर, एकाच दिवशी विचारा.

एनव्हिडियाच घ्यायचं असेल, कारण तुम्ही ब्लेंडर (थ्री-डी चित्रांचं सॉफ्टवेअर) वापरता किंवा तुम्हाला डीएलएसएस (ते काय, खाली सांगतो) हवंय, तर ५०६० टीआय १६ जीबी. तेही आठ लेनचंच आहे, पण १६ जीबीमुळे मेमरी भरायची वेळ क्वचित येते. पैसे मात्र जास्त जातील. ५०७० चा नाद सोडा. २५० वॅटचं कार्ड तुमच्या १०४००एफ च्या गळ्यात बांधून दोघांचीही कुचंबणा होईल.

डीएलएसएस काय किंवा एएमडीचं एफएसआर काय, दोन्हींत कार्ड छोटं चित्र काढतं आणि मग ते मोठं करून दाखवतं. क्वालिटी मोडमध्ये तुमच्या पडद्यासाठी खरं काम १७०७×९६० इतक्याच ठिपक्यांचं होतं. जुन्या एफएसआरमध्ये झाडांची पानं, तारांची कुंपणं लुकलुकायची. ९००० मालिकेच्या कार्डांवर चालणारं एफएसआर ४ त्या मानाने खूपच सुधारलंय. सायबरपंकमध्ये ते बेलाशक चालू करा.

एसएमपीएसचं मात्र ऐका. ९०६० एक्सटी १६ जीबी साधारण १६० वॅट घेतं, त्यामुळे ४५० चा आकडा कागदावर पुरतो. पण कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावरच्या ४५० वर माझा विश्वास नाही. बऱ्याचदा त्यात कार्डासाठी आठ पिनांची केबलच नसते आणि मग दुकानदार दोन मोलेक्स (जुन्या चार पिनांच्या केबली) जोडून जुगाड करून देतो. तो जुगाड घेऊ नका. चांगल्या कंपनीचा ५५० किंवा ६५० वॅटचा घ्या, पुढच्या कार्डालाही कामी येईल. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) ‘रीसायझेबल बार’ हा, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारा पर्याय शोधा आणि चालू करा. दहाव्या पिढीच्या बऱ्याच बोर्डांना तो बायोस अपडेटने मिळाला. आणि जुनं १६५० नवं कार्ड हातात येईपर्यंत विकू नका. प्रोसेसरच्या नावातल्या ‘एफ’चा अर्थ त्यात स्वतःचं ग्राफिक नाही, कार्ड काढलं की पडदा काळा.

प्रश्न : नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. १०८० चा १४४ हर्ट्झ मॉनिटर घेतला, कार्ड आरएक्स ६६००. पण जुन्या ६० हर्ट्झपेक्षा काहीच फरक वाटत नाही. कार्ड बदलावं लागेल का?

नाही रे बाबा. ६६०० तुझ्या पडद्याला अगदी जोड आहे. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, आणि खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे रिफ्रेश रेटसमोर ६० दिसत असेल. नवा मॉनिटर लावला तरी विंडोज बऱ्याचदा ६० वरच बसून राहतं. १४४ कर आणि माउसचा बाण पडद्यावर गरगर फिरव, फरक लगेच दिसेल.

यादीत १४४ दिसतच नसेल तर कॅबिनेटच्या मागे जा. वरच्या बाजूला यूएसबीच्या शेजारी उभ्या ओळीत जे पोर्ट आहेत ते मदरबोर्डचे. त्यांच्या खाली आडव्या पट्टीवर दोन-चार पोर्ट आहेत ते कार्डाचे. तुझी केबल वरती लावलेली असेल तर पैसे देऊन घेतलेलं कार्ड आत बसून नुसतं पंखा फिरवतंय. केबल खाली लाव, शक्यतो डिस्प्लेपोर्टचीच. मधे व्हीजीएचा कन्व्हर्टर लावलेला असेल तर तो आधी काढून फेक. यानंतरही ६० लाच अडलं तर गेमच्या आतली व्ही-सिंक (चित्रं पडद्याच्या वेगाला बांधणारी सोय) आणि एफपीएसची मर्यादा तपास.

प्रश्न : अंबाजोगाईजवळ शेती आहे. मुलगा बारावीनंतर कॉम्प्युटरला जाणार. त्याने यादी दिलीय, त्यात ‘फोर-के १४४ हर्ट्झ मॉनिटर’ आणि त्याला चालेल असं ग्राफिक कार्ड आहे. म्हणतो, एआय शिकायला लागतंच. सोयाबीनचे पैसे हातात आहेत पण एवढं खरंच लागतं का?

काका, लेकराने यादी हुशारीने केलीय. एआयचा मुद्दा अर्धा खरा आहे. मॉडेल स्वतः चालवून बघायची तर एनव्हिडियाचं, जास्त मेमरीचं कार्ड उपयोगी पडतं. पण पहिल्या वर्षाला सी आणि पायथॉन शिकवतात. त्याला कार्ड लागत नाही, आणि पुढच्या प्रयोगांपुरतं इंटरनेटवर फुकटही मिळतं.

फोर-के मात्र सरळ खेळण्यासाठी आहे. त्या पडद्यावर ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके, म्हणजे साध्या फुल एचडीच्या बरोबर चौपट. ते सेकंदाला १४४ वेळा रंगवणारं कार्ड मॉनिटरच्या कितीतरी पट महाग पडतं. आज फोर-के घेऊन दिला की पुढच्या दिवाळीला ‘पप्पा, याला कार्ड पुरत नाही’ हे आलंच म्हणून समजा. यादीत सगळ्यांत खर्चिक ओळ तीच आहे, आणि ती कार्डाच्या नव्हे, मॉनिटरच्या नावाने लिहिलीय.

त्याला समोर बसवून विचारा : खेळणार काय? तीन गेमची नावं कागदावर लिहून दे म्हणा. व्हॅलोरंट, जीटीए ५, क्रिकेट असली नावं आली तर २४ इंची फुल एचडी, १४४ ते १८० हर्ट्झचा मॉनिटर आणि आरटीएक्स ५०६० पर्यंतचं कार्ड, याच्या पुढे जायची गरज नाही. आणि तो हॉस्टेलला राहणार असेल तर आधी लॅपटॉपचा विचार करा. टॉवर आणि मॉनिटर एसटीने ने-आण करण्यात सुट्ट्या जातील, आणि पडद्याचा एक कोपराही.

प्रश्न : जालन्यात एक जण जुनं आरटीएक्स ३०६० विकतोय. मायनिंगचं (क्रिप्टो नाणी कमवायला रात्रंदिवस चालवलेलं) असेल अशी भीती वाटते. शिवाय ऑनलाइन एका ठिकाणी ‘जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी, नवंकोरं’ अगदी मातीमोल भावात दिसलं. माझा मॉनिटर १०८०, ७५ हर्ट्झ आहे.

ते मातीमोल नवंकोरं घेऊ नका. जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयसारख्या २०१०-११ च्या कार्डांचा बायोस बदलून त्यांना १०५० टीआय म्हणून विकण्याचा धंदा जुना आहे. विंडोजही त्याला १०५० टीआय म्हणतं, त्यामुळे माणूस फसतो. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर अशा कार्डाच्या नावापुढे इंग्रजीत सरळ ‘फेक’ लिहून दाखवतं. नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतं : १०५० टीआयला जुना व्हीजीए पोर्ट नसतो. फोटोत निळा, पंधरा भोकांचा पोर्ट दिसला की पान बंद करा.

३०६० चं वेगळं. इथरियम या क्रिप्टो चलनाची खाणकामाची (मायनिंगची) पद्धत सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाली आणि त्यानंतर अशा कार्डांचे ढीग बाजारात आले. मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलंच असं नाही. चिप सहसा टिकते. पंखे आणि थर्मल पॅड (चिपची उष्णता बाहेर नेणाऱ्या पट्ट्या) गेलेले असतात. त्यामुळे विकणाऱ्याच्या घरी, त्याच्याच मशीनवर, अर्धा तास एखादा जड गेम चालवून बघा. कान पंख्याकडे ठेवा. घरघर, खरखर आली तर सोडून द्या. पडद्यावर रंगीत चौकोन किंवा ठिपके चमकले तर किंमत कितीही पाडली तरी नको, तो मेमरीचा आजार आहे. त्याच वेळी जीपीयू-झेडमध्ये मेमरी वाचा. ३०६० दोन प्रकारचं आहे : १२ जीबीचं, १९२ बिटचं, आणि नंतर आलेलं ८ जीबीचं, १२८ बिटचं. दुसरं चांगलंच मंद आहे. मूळ बिल मागा. बिल नाही म्हणाला तर वॉरंटी नाही असं धरून भाव करा.

पण मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे, हे विसरू नका. ३०६० त्याच्यापुढे सोप्या गेममध्ये अर्धं रिकामं बसेल. मॉनिटर पुढच्या वर्षी बदलणार असाल तर घ्या. नसाल तर जीटीएक्स १६६० सुपरसारखं जुनं कार्ड कमी पैशात मिळत असेल तर तेच घ्या.

प्रश्न : जिंतूर तालुक्यातल्या गावात राहतो. आरएक्स ७६०० घेतलं, मॉनिटर १०८०, १४४ हर्ट्झ. शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, आणि गेम चालू असताना लाईट गेली की ६०० व्हीएचा यूपीएस चीं करून तिथेच बसतो. आधी असं होत नव्हतं. कार्ड खराब लागलं का?

कार्ड चांगलं आहे, यूपीएस लहान आहे. ६०० व्हीएच्या यूपीएसची खरी ताकद साधारण ३६० वॅट असते, तीही बॅटरी नवी असताना. ७६०० एकटं १६५ वॅटपर्यंत जातं, प्रोसेसर आणि मॉनिटर धरून तुम्ही तीनशेच्या आसपास पोचता, आणि कार्ड क्षणभर त्याच्याही वर उसळी घेतं. लाईट गेली की तो सगळा भार एका झटक्यात बॅटरीवर येतो. हजार-अकराशे व्हीएचा घ्या, आणि परवडत असेल तर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गोल लहर) लिहिलेला. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचणारं सर्किट) असतं, आणि स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर काही वेळा त्याला मानवत नाही. घरच्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवरही संगणक टाकू नका.

तोवर एक बिनपैशाचा उपाय. तुमचा पडदा १४४ च्या वर काही दाखवू शकत नाही, पण मोकळं सोडलं तर सोप्या गेममध्ये कार्ड अडीचशे-तीनशे चित्रं काढत बसतं. वरची सगळी वाया, वीज मात्र पूर्ण खाल्लेली. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमची मर्यादा १४० करा. मॉनिटरच्या आकड्यापेक्षा तीन-चार कमी ठेवलं की फ्रीसिंकही नीट चालतं. सोप्या गेममध्ये कार्डाचे वॅट झटकन खाली येतील आणि यूपीएसला श्वास घ्यायला जागा मिळेल. जड गेममध्ये पॉवर लिमिट (कार्डाने किती वॅट घ्यावेत ती मर्यादा) थोडं कमी करून बघा, एफपीएसमध्ये फारसं जात नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. ते सहज नाही, आर्थिंग नाही किंवा तुटलेली आहे. कार्डाचं, यूपीएसचं नंतर बघा. आधी वायरमन बोलवून मीठ-कोळशाचा खड्डा करून घ्या आणि तीन पिनांचा सॉकेट खरोखर आर्थला जोडलाय का ते त्याच्यासमोर तपासा. आणि मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर गेला की आपल्याकडे पोरं कॅबिनेटची बाजू उघडून तो वाळ्याच्या कूलरसमोर ठेवतात. ती हवा पाणी घेऊन येते, आणि बोअरच्या पाण्यातले क्षार कार्डावर पांढरे बसतात. कूलर माणसाकडे फिरवा, कॅबिनेटला टेबल फॅन लावा आणि पंधरा दिवसांनी ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा भिरभिरू देऊ नका.